बॉइंकचे टास्क दर उन्हाळ्यात फेल होतात: सोलापुरात सापडलेली कारणं आणि उपाय

बॉइंक म्हणजे आपल्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ विज्ञानाच्या प्रकल्पांच्या गणितांसाठी देणारा प्रोग्राम, आणि त्याने उतरवलेलं एकेक काम म्हणजे टास्क. लक्षणं आधी सांगतो. तुमच्याकडेही हेच होत असेल तर पुढचं सगळं उपयोगी पडेल.

मार्चचा दुसरा आठवडा उलटला की आमच्या मशीनवरचे बॉइंकचे टास्क बिघडायला लागतात. एरवी साडेपाच तासांत होणारा टास्क नऊ-दहा तास घेतो. दुपारी दीड ते चारच्या दरम्यान मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, कधी दिवसाआड, कधी रोज. काही टास्क मध्येच ‘कॉम्प्युटेशन एरर’ दाखवून बंद पडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही टास्क शंभर टक्के पूर्ण होऊन जातात, पण दोन दिवसांनी अकाउंट उघडून बघावं तर त्यांच्यापुढे ‘इनव्हॅलिड’ लिहिलेलं असतं. मशीन उघडून हवा मारली की महिनाभर सगळं सुरळीत चालतं. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असे तीन उन्हाळे गेले.

मशीन साधं आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोअर, ८ जीबी रॅम दोन पट्ट्यांत, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घर अशोक चौकाच्या मागच्या बाजूला. आमची खिडकी आणि टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्याची भिंत यांच्यात आठ फुटांचा बोळ आहे. हे घराचं वर्णन म्हणून लिहीत नाही, पुढे त्याचा संबंध येतो.

त्याआधी नवीन मंडळींसाठी एक खुलासा, कारण ‘बॉइंक टाकलं, सेटी जोडलं, पण टास्कच येत नाहीत’ असं विचारणारे अजून भेटतात. त्यात तुमच्या मशीनचा काही दोष नाही. सेटी अ‍ॅट होमने ३१ मार्च २०२० पासून नवीन टास्क वाटणं थांबवलं आहे. बर्कलीच्या विद्यापीठातून १७ मे १९९९ रोजी हा प्रकल्प सुरू झाला. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींमध्ये परग्रहावरून कुणी मुद्दाम पाठवलेला संकेत आहे का, हे शोधायचं होतं. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झभोवतीची अडीच मेगाहर्ट्‌झची पट्टी घ्यायची, तिच्या २५६ पट्ट्या करायच्या आणि प्रत्येकीचा १०७ सेकंदांचा तुकडा एकेका घरी पाठवायचा. तुकडा साडेतीनशे केबीच्या आसपास. डायल-अपवरही उतरायचा. मी २००४ मध्ये सुरुवात केली तेव्हा स्क्रीनसेव्हरवर रंगीत सुळक्यांचा आलेख हळूहळू सरकायचा आणि मी रात्री उठून तो बघत बसायचो. पन्नास लाखांहून जास्त लोकांनी यात भाग घेतला. त्या सगळ्यांच्या मशीनमधून सुमारे १२ अब्ज नोंदी जमल्या. त्या चाळून शंभरच्या आसपास जागा शिल्लक राहिल्या आणि आता चीनमधल्या फास्ट दुर्बिणीने आकाशातल्या त्याच जागा पुन्हा तपासल्या जात आहेत. म्हणजे आपण दिलेले तास वाया गेलेले नाहीत. फक्त नवीन काम तिथे नाही, एवढंच.

त्यामुळे मी आता आइन्स्टाइन अ‍ॅट होम चालवतो. बॉइंक तेच, प्रकल्प दुसरा. रेडिओ आणि गॅमा किरणांच्या डेटात पल्सार (ठरावीक ठोक्याने लहरी सोडणारे तारे) शोधायचे, आणि लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या डेटात फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरी. परग्रहावरच्या जिवाच्या शोधापासून हे फार लांब गेलं असं मला वाटत नाही. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना पहिला पल्सार दिसला तेव्हा त्या ठोक्यांची नियमितता बघून त्याला आधी ‘छोटी हिरवी माणसं’ असंच टोपणनाव पडलं होतं. आणि लायगोची भारतातली वेधशाळा आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे. ती सुरू होईल तेव्हा माझं मशीन चालू असावं अशी मनापासून इच्छा आहे.

आता इनव्हॅलिड टास्क माझ्या मनाला एवढा का लागतो ते सांगतो. टास्क सहसा किमान दोन घरी जातो. दोन्ही उत्तरं जुळली तरच ते खरं मानतात. नाही जुळलं तर तिसऱ्या मशीनला पुन्हा तेच काम करावं लागतं. २०१० मध्ये आइन्स्टाइन अ‍ॅट होमला पहिला नवा पल्सार सापडला, जे२००७+२७२२, सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा. त्याचा डेटा अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याच्या मशीनवर आणि जर्मनीतल्या माइन्त्समधल्या एकाच्या मशीनवर तपासला गेला होता. त्यांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. त्यातलं एक मशीन माझ्यासारखं तापून चुकीचा आकडा देत असतं तर? टास्क बंद पडला तर निदान सर्व्हरला लगेच कळतं. चुकलेला आकडा मात्र दुसऱ्या कुणाचे पाच तास खाऊन मगच सापडतो. म्हणून मी हे प्रकरण ‘उन्हाळ्यात होतंच असं’ म्हणून सोडून दिलं नाही.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत जे केलं ते सगळं व्यर्थ गेलं. एका दुकानात मशीन नेलं, त्यांनी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलला. पुढच्या वर्षी प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावून घेतली, विंडोज नव्याने टाकलं. दोन्ही वेळा दुकानात मशीन चोवीस तास चालवून बघितलं आणि ठणठणीत आहे म्हणून परत दिलं. ते खोटं बोलत नव्हते. दुकानात एसी होता. माझं मशीन बिघडायचं ते दुपारी अडीचला, ४२-४३ अंशांच्या उन्हात, बंद खोलीत, कारखाना चालू असताना. या अटींखाली ते कुणी तपासलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मी ऑफिसमधून संध्याकाळी सातला येऊन बघायचो, तोवर खोली निवलेली असायची.

म्हणून तिसऱ्या वर्षी रजा काढून दुपारी घरी बसलो. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वेग दाखवणारा प्रोग्राम लावला, भिंतीवरच्या थर्मामीटरवर खोलीचं तापमान लिहिलं, ३९. बॉइंकचे चारही कोअर चालू केले. बारा मिनिटांत प्रोसेसर ९८ वर गेला, मग १०० ला टेकला आणि वेग ३.४ गिगाहर्ट्‌झवरून दीडच्या खाली आला. टास्कला दुप्पट वेळ का लागतो ते इथेच कळलं. प्रोसेसर स्वतःला वाचवायला हळू होतो. हे लक्षात ठेवा: हळू झालेला प्रोसेसर चुकीचं गणित करत नाही. चूक दुसरीकडून येत होती, तिच्याकडे नंतर येतो.

बाजूचं झाकण काढलं तर आत स्वच्छ दिसत होतं, महिन्यापूर्वीच ब्लोअर मारला होता. पंखा फिरत होता. हात धरला तर वारा मात्र लागत नव्हता. मग पंखा सोडवून तो हीटसिंकवरून, म्हणजे प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यावरून, उचलला.

खाली नमद्याचा तुकडा होता. पंख्याच्या आकाराचा गोल, दोन रुपयांच्या नाण्याएवढा जाड, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर असा बसलेला की नखाने कड उचलल्यावर सबंध निघून आला. हातात घेतला तर घट्ट विणलेल्या लोकरीसारखा. कडेने बघितलं तर थर दिसत होते: खाली पांढरट, मग निळा, सगळ्यात वर गुलाबी. धूळ एवढी रंगीत नसते. मी तो तसाच कागदावर ठेवून बोळ ओलांडून कारखान्यात गेलो.

तिथले अण्णा वीस वर्षांपासून ओळखीचे. त्यांनी तुकडा दोन बोटांत धरून उजेडात बघितला.

“हे आमचंच की ओ! गेल्या महिन्यात गुलाबी ऑर्डर होती, त्याच्या आधी निळी. कुठं घावलं?”

“कॉम्प्युटरमध्ये, अण्णा. पंख्याखाली.”

“मग बरोबर हाय. टेरीचं सूत लई उडतंय. आमचा गडी रोज दोनदा मागावर हवा मारतंय, तेव्हा माग चालतंय. तुम्ही सहा महिन्यातनं एकदा मारताय. कसं भागंल?”

माझ्या तीन वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात होतं. ब्लोअरची हवा वरून मारली की पंख्याच्या पात्यांवरची धूळ उडते, पण सुताचे तंतू पंख्याखाली हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडावर अडकलेले असतात. वरच्या हवेने ते आणखी घट्ट दाबले जातात. थोडी फट पडते, महिनाभर बरं वाटतं, पुन्हा बंद होते.

तर साफ करायची रीत अशी. मेन स्विच बंद करा, वायर काढा, केसच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. हीटसिंक प्रोसेसरवरून काढायची गरज नाही, फक्त पंखा सोडवा. काही मॉडेलमध्ये पंखा हीटसिंकला जोडलेला असतो, तिथे पूर्ण काढावं लागेल आणि पेस्ट नवी लावावी लागेल. तंतू चिमट्याने किंवा हाताने उचला, फुंकून घालवू नका, ते रॅमच्या खाचांत जातात. मग मऊ ब्रश. एसएमपीएसच्या जाळीत आणि केसच्या पुढच्या तोंडाशीही हेच तंतू असतात. एसएमपीएस उघडू नका, वीज काढल्यावरही आत धोक्याचा भार राहतो. बाहेरूनच ब्रशने ओढून काढा. अण्णांनी आपला कॉम्प्रेसर वापरा म्हटलं, पण मी नको म्हटलं. त्या हवेत पाणी असतं आणि दाब खूप असतो. कुणाकडे दुसरा इलाज नसेलच तर नळी लांब धरा आणि पंख्याचं पातं बोटाने अडवून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

साफ केल्यावर त्याच खोलीत, तशाच दुपारी, चारही कोअर चालू असताना ७८ अंश. वेग पूर्ण. टास्क साडेपाच तासांत.

मला वाटलं संपलं. आठ दिवसांनी पुन्हा एक इनव्हॅलिड.

ही दुसरी गाठ, आणि बहुतेक लोक इथे फसतात, कारण पहिली सुटल्याच्या आनंदात ती दिसत नाही. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवला. चार फेऱ्या, शून्य चुका. रॅम चांगली आहे असं म्हणून मी मोकळा होणार होतो, पण दुकानातला एसी आठवला. रविवारी दुपारी दोनला आधी अर्धा तास बॉइंक पूर्ण चालवून मशीन तापवलं, झाकण लावूनच ठेवलं, आणि मग मेमटेस्ट सुरू केलं. दुसऱ्या फेरीत १७ चुका आल्या, सगळ्या मेमरीच्या एकाच भागात. एकेक पट्टी लावून तपासलं तर प्रोसेसरच्या जवळच्या खाचेतली पट्टी गरम झाल्यावर चुकत होती, थंड असताना नाही. खाच बदलूनही तीच पट्टी चुकली. ती काढून टाकली आणि काही दिवस ४ जीबीवर चालवलं. नंतर दुसरी घेतली. त्या दिवसापासून इनव्हॅलिड थांबले. तेव्हा रॅम तपासायची असेल तर भर दुपारी तपासा. रात्रीच्या चाचणीवर विसंबू नका.

उरला रीस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसत होतं. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. कारण ते सांगत नाही, त्यामुळे त्यावरून एसएमपीएस बदलायला धावू नका. आमच्याकडे कारण इन्व्हर्टर निघालं. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटा स्विच असतो, एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’. आमचा इकोवर होता. इकोवर व्होल्टेज बरंच खाली उतरलं तरी इन्व्हर्टर तीच वीज पुढे सोडत राहतो, आणि बॅटरीवर जातानाही जास्त वेळ घेतो. पंखा, दिवा यांना ते कळत नाही. कॉम्प्युटरला कळतं. यूपीएसवर टाकल्यावर साधारण १८० व्होल्टच्या खाली गेलं की तो लगेच बॅटरीवर जातो. त्यामुळे बॅटरी जास्त वापरली जाते, म्हणून तिचं पाणी आता महिन्याला बघतो, आधी तीन महिन्यांनी बघायचो.

वीज गेल्यावर टास्क पुन्हा शून्यावर जातो का, तेही बघून घ्या. टास्कवर क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की शेवटच्या चेकपॉइंटनंतर, म्हणजे झालेलं काम शेवटचं साठवल्यानंतर, किती वेळ झाला ते दिसतं. तो आकडा मिनिट-दोन मिनिटांनी शून्यावर येत असेल तर काळजी नाही, तेवढंच काम वाया जातं.

याच ओघात आणखी एक. लग्नाला चार दिवस गावी गेलो तेव्हा मेन स्विच बंद करून गेलो. परत येऊन बघतो तर बॉइंक सर्व्हरशी बोलायलाच तयार नाही, सर्टिफिकेटची चूक दाखवतंय. नेट चालू होतं. खाली कोपऱ्यात तारीख बघितली तर २०१३. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल संपला होता. तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही. सेल बदला, तारीख नीट करा, मगच बॉइंक सुरू करा.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो. ‘कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेस’मध्ये दोन टक्केवाऱ्या असतात, एक किती सीपीयू वापरायचे याची आणि एक सीपीयूचा किती वेळ वापरायचा याची. वेळ शंभर टक्केच ठेवा, संख्या कमी करा. वेळ साठ टक्के केला की बॉइंक काम सारखं चालू-बंद करत राहतं आणि तापमान वर-खाली हेलकावे खातं. त्यापेक्षा चारपैकी दोन कोअर एका लयीत चाललेले बरे. एप्रिल-मेमध्ये मी ‘डेली शेड्यूल’मध्ये रात्री दहा ते सकाळी आठ एवढंच ठेवतो. साठवणीचं काम अर्ध्या दिवसाचंच घेतो. मुदत साधारण दोन आठवड्यांची असते, पण उन्हाळ्यात मशीन दहाच तास चालणार असेल तर उगाच ढीग उतरवून दुसऱ्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. अँटिव्हायरस एखादी फाइल उचलून नेत असेल तर प्रोग्रामडेटामधलं बॉइंकचं फोल्डर त्यातून वगळा. लॅपटॉपवर उन्हाळ्यात चालवू नका.

वीजबिलाचं गणित ज्याने त्याने करावं. जादा १०० वॅट, चोवीस तास, म्हणजे दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. शंभर युनिटांचा टप्पा ओलांडला की दर चढतो, तेव्हा घरच्यांना विचारून ठरवा. आमच्याकडे रात्रीच्या दहा तासांवर एकमत झालं.

जागाही बदलली. मशीन बोळाच्या खिडकीपासून आतल्या खोलीत नेलं आणि जमिनीवरून उचलून दोन फूट उंच स्टुलावर ठेवलं, कारण तंतू जमिनीलगत जास्त असतात. केसच्या पुढच्या तोंडाला जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा ताणून लावला आहे. त्याने तापमान तीन अंश वाढलं, पण नमदा बसणं थांबलं. दर रविवारी तो धुतो. आणि चालू मशीनवर कव्हर किंवा चादर टाकू नका, धूळ बसू नये म्हणून बरेच जण टाकतात. सोलापुरात घरात चादरींना तोटा नाही हे खरं, पण मशीनला वारा हवा.

गेल्या मार्चपासून जूनपर्यंत माझ्या मशीनने एकही इनव्हॅलिड दिला नाही. एक टास्क मात्र मुदत उलटून गेला.

एवढं करूनही तुमचं मशीन तसंच वागत असेल तर विचारताना तीन गोष्टी जरूर लिहा: दुपारी अडीचला खोलीचं आणि प्रोसेसरचं तापमान, बॉइंकच्या इव्हेंट लॉगमधल्या रीस्टार्टनंतरच्या पहिल्या वीस ओळी, आणि घराच्या शंभर फुटांत माग, पिठाची गिरणी किंवा विडीचा कारखाना आहे का. इव्हेंट लॉग कंट्रोल, शिफ्ट आणि ई एकदम दाबल्यावर उघडतो.